लेलँडची एकुलती एक कार

नागपुरात कुणालाही विचारा, 'लेलँड' म्हणजे काय? उत्तर एकच येईल: ट्रक. ड्रायव्हर मंडळी तर नुसतं 'लेलन' म्हणतात. ढाब्यावर टाटावाले आणि लेलनवाले एकत्र बसले की जो वाद रंगतो, तो क्रिकेटच्या वादापेक्षा कमी नसतो. आमच्यासाठी हे नाव परदेशी नाहीच. भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, १९८२ पासून.

पण इंग्लंडमध्ये गेडन नावाच्या एका गावात मोटारींचं मोठं संग्रहालय आहे, आणि तिथे लेलँडची एक कार उभी आहे. आठ सिलिंडर एका रांगेत, सुमारे सात लिटरचं इंजिन. आपल्याकडच्या मधल्या आकाराच्या कित्येक ट्रकांचं इंजिनही याहून लहान असतं. इंग्लंडमधले जुन्या गाड्यांचे शौकीन 'व्हिंटेज' हा शब्द फार जपून वापरतात. पहिलं महायुद्ध संपल्यापासून १९३० संपेपर्यंत बनलेली गाडीच त्यांच्या लेखी व्हिंटेज. ही गाडी त्या व्याख्येत चोख बसते. आणि तिच्या जातीची दुसरी गाडी जगात शिल्लक नाही.

ट्रक बनवणाऱ्यांनी ही कार का बनवली, आणि बाकीच्या सगळ्या संपल्या तरी ही एकच कशी उरली, ते मला सांगायचं आहे. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी होतो. आता मिहानमध्ये नोकरी करतो, म्हणजे वर्धा रोडवरच्या त्या पट्ट्यात, जिथे काय होणार आणि काय झालं याची चर्चा नागपूरकर वीस वर्षं करत आलेत. "मिहानात विमान थोडंच बनतं? नुसते पार्ट बनतात!" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. या 'नुसते पार्ट'चा आणि त्या कारचा संबंध आहे. पण आधी कारकडे जाऊ.

वाफेवरची सुरुवात

लेलँड हे मुळात इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातलं एक छोटं गाव. तिथे १८९६ मध्ये समनर आणि स्परियर या दोन घराण्यांनी मिळून लँकेशर स्टीम मोटर कंपनी काढली. नावाप्रमाणे वाफेवर चालणाऱ्या मालगाड्या बनवणं हा धंदा. पुढे पेट्रोल इंजिन आलं, आणि १९०७ मध्ये कंपनीनं गावाचंच नाव घेतलं: लेलँड मोटर्स.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला सामान वाहायला भक्कम ट्रक हवे होते. लेलँडनं तीन टनी ट्रक बनवून दिले, एकदोन नाही, सहा हजारांच्या घरात. ते चिखलात चालले, बॉम्बच्या खड्ड्यांतून चालले आणि कंपनीचं नाव झालं.

१९१८ मध्ये युद्ध संपलं, तेव्हा हेच यश अंगावर आलं. लष्कराला आता हजारो ट्रक नको होते. झिजलेले, खिळखिळे झालेले हे ट्रक स्वस्तात बाजारात आले असते तर दोन गोष्टी घडल्या असत्या. नवा ट्रक कुणी घेतला नसता, आणि रस्त्यात बंद पडलेल्या प्रत्येक जुन्या ट्रकवर नाव लेलँडचं दिसलं असतं. म्हणून कंपनीनं आपलेच सुमारे तीन हजार ट्रक परत विकत घेतले. लंडनजवळ किंग्स्टनला युद्धकाळात विमानं बनवण्यासाठी उभारलेला एक कारखाना होता, तो घेतला. तिथे एकेक ट्रक पार खोलून, भाग बदलून, नव्यासारखा करून विकायला सुरुवात केली.

धंद्याच्या दृष्टीनं हे ओझं फार मोठं होतं. पैसा अडकला, मंदी आली, आणि पुढची काही वर्षं कंपनी तोट्यात धडपडत होती. पण 'माझ्या नावाचा ट्रक रस्त्यावर आहे तोवर तो माझी जबाबदारी' ही ट्रकवाल्याची वृत्ती यात स्वच्छ दिसते. आता मजा बघा. ज्या कंपनीनं हे केलं, तिनंच नेमक्या त्याच काळात जगातली सर्वोत्तम कार बनवायचा घाट घातला.

ऑलिंपियाचा सिंह

या घाटामागचा माणूस जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस. वेल्समधला, एका धर्मोपदेशकाचा मुलगा. १९१७ मध्ये तो लेलँडचा मुख्य इंजिनिअर झाला. त्याच्या हाताखाली रीड रेल्टन नावाचा विशीतला एक पोरगा होता. कंपनीनं थॉमसला मोकळीक दिली: खर्चाची चिंता करू नकोस, गाडी अशी बनव की रोल्स-रॉइसवाल्यांनी वळून बघावं.

१९२० च्या नोव्हेंबरात लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात 'लेलँड एट' लोकांसमोर आली. एट, कारण आठ सिलिंडर. वर्तमानपत्रांनी तिला 'ऑलिंपियाचा सिंह' म्हटलं. सिलिंडर आठ आणि तेही सरळ एका रांगेत, हे ब्रिटिश गाडीत तोवर जवळपास कुणी पाहिलंच नव्हतं. इंजिनाचे व्हॉल्व्ह बंद करायला सगळे जण गुंडाळीची स्प्रिंग वापरायचे. थॉमसनं तिथे चपट्या पट्टीची स्प्रिंग वापरली, म्हणजे आपल्या ट्रकच्या चाकांवर जे पाटे असतात त्यांचंच चिमुकलं भावंडं. वरचा कॅमशाफ्ट फिरवायला साखळी किंवा दातेरी चाकांची रांग असते, आणि ती आवाज करते. त्यानं त्याऐवजी वर-खाली होणारे दांडे बसवले, जुन्या वाफेच्या इंजिनात असायचे तसे. गाडी शांत चालावी म्हणून एवढा खटाटोप.

आणि ही गाडी तयार मिळत नसे. त्या काळातल्या सगळ्या उंची गाड्यांचा व्यवहार असाच होता. कारखान्याकडून घ्यायची ती फक्त चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाकं. मग ती बॉडी बनवणाऱ्याकडे न्यायची, आणि आपल्याला हवं तसं लाकूड, पत्रा, चामडं, रंग चढवून घ्यायचा. त्यामुळे एका मॉडेलच्या दोन गाड्याही एकमेकींसारख्या नसत.

हे ऐकून कुणाला राजेरजवाडे आठवतील. मला आठवतो हायवे. डोक्याला गमछा गुंडाळलेला ड्रायव्हर, ना दार ना टप, समोर नुसतं स्टिअरिंग, आणि मागे लांबलचक उघडा सांगाडा. अशा नुसत्या चासींच्या रांगा आत्ता-आत्तापर्यंत आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसायच्या. मालक चासी घेतो, बॉडी बनवणाऱ्याकडे देतो, माल कोणता भरायचा त्याप्रमाणे फाळके ठरतात, मग पेंटर येतो. लिंबू-मिरची, 'हॉर्न ओके प्लीज', पोरांची नावं, कुलदैवत. शंभर वर्षांपूर्वी लंडनचा लॉर्ड जे करायचा, ते आपला ट्रकमालक कालपर्यंत करत होता. 'खास बनवून घेतलेली गाडी' ही फक्त श्रीमंतांची चैन नाही. तो गाडी घेण्याचा एक जुना, रीतसर मार्ग होता.

'पार्ट भेटत होते का?'

सिंह देखणा होता, पण त्याला घ्यायला माणसं आली नाहीत. प्रदर्शनातल्या सर्वांत महागड्या गाड्यांमध्ये तिची गणना, आणि बाजारात मंदी. एवढे पैसे असलेला माणूस रोल्स-रॉइसकडेच जाई. १९२३ पर्यंत लेलँडनं कारचा नाद सोडला. तोवर किती बनल्या होत्या? विसाचा आकडाही गाठला नव्हता.

त्यातली एक गाडी इतिहासात गेली, तीही वेगळ्याच कारणानं. २२ ऑगस्ट १९२२. आयर्लंडच्या हंगामी सरकारचा अध्यक्ष आणि सरसेनापती मायकेल कॉलिन्स कॉर्क परगण्याच्या दौऱ्यावर होता. वय ३१. ताफ्यात पुढे मोटरसायकलस्वार, मग सैनिकांची क्रॉसली गाडी, मग कॉलिन्सची उघडी लेलँड, आणि शेवटी रोल्स-रॉइसची चिलखती गाडी. बेल ना ब्लाह नावाच्या खिंडीत दबा धरून बसलेल्या विरोधकांनी गोळीबार केला. कॉलिन्स गाडी सुसाट पुढे न्यायला तयार नव्हता. थांबून, खाली उतरून तो लढला आणि डोक्यात गोळी लागून गेला. लेलँड एटचं नाव आज ज्यांच्या कानावर आहे, त्यातल्या बहुतेकांना ते या संध्याकाळीमुळे माहीत आहे.

माझे मामा बरीच वर्षं लेलन चालवत होते. त्यांना मी एकदा ही सगळी गोष्ट सांगितली: आठ सिलिंडर, सिंह, कॉलिन्स, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पार्ट भेटत होते का रे तिचे?"

मी इंजिनिअरिंगची चार वर्षं शिकलो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. आणि या गाडीची मेख नेमकी तिथेच आहे.

ट्रक घेणारा माणूस ट्रकवर पोट भरतो. गाडी उभी राहिली की त्याचा हप्ता थकतो. म्हणून ट्रक बनवणाऱ्याला रोज उत्तर द्यावं लागतं: कोणता भाग लवकर झिजतो, तो कुठे मिळेल, रस्त्याकडेचा मेकॅनिक तो बदलू शकेल का. हजारो ट्रक, हजारो तक्रारी, आणि त्यातून सुधारत जाणारं यंत्र. लेलँडची खरी ताकद ही होती. एट बनवताना नेमकी तीच बाजूला पडली. जेमतेम दीड डझन गाड्या, म्हणजे जेमतेम दीड डझन तक्रारदार. थॉमसला जाब विचारणारं, त्याला शिकवणारं गिऱ्हाईकच नव्हतं.

याचा पुरावा त्याच कंपनीत, त्याच काळात सापडतो. किंग्स्टनच्या कारखान्यात जुने ट्रक दुरुस्त होत असताना, तिथेच १९२२ पासून लेलँड 'ट्रोजन' नावाची दुसरी एक कार बनवू लागली. लेस्ली हाउन्सफील्ड या इंजिनिअरनं आखलेली. दिसायला डबा, टायर भरीव रबराचे, इंजिन इतकं साधं की त्यात हलणारे भाग बोटांवर मोजावेत. जाहिरात विचारायची: पायी चालणं तुम्हाला परवडतं का? हिशेब असा मांडलेला की बूट-मोजे झिजवण्यापेक्षा ट्रोजन स्वस्त. ही गाडी हजारोंनी खपली. ब्रुक बाँड चहाच्या लाल व्हॅन ट्रोजनच्याच होत्या. एकाच छपराच्या कंपनीत एक गाडी राजासाठी आणि एक पायी चालणाऱ्यासाठी. धंदा दुसरीनं केला.

वेडा इंजिनिअर आणि उरलेला माल

लेलँडनं कार सोडली, पण थॉमसनं सोडली नाही. त्यानं नोकरी सोडली आणि ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवरच एका घरात मुक्काम ठोकला. लेलँड एटचीच शर्यतीची आवृत्ती त्यानं बनवली, 'लेलँड-थॉमस'. १९२० च्या दशकाच्या मध्यात तिनं ब्रुकलँड्सच्या फेरीचा विक्रम ताशी २०० किलोमीटरच्या वर नेला. ट्रक कंपनीच्या पोटात वाढलेलं इंजिन, आणि मागे राहत होत्या खास शर्यतीसाठी जन्मलेल्या गाड्या.

मग त्याला जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम हवा होता. काउंट झ्बोरोव्स्की नावाच्या शर्यतबाजाच्या मृत्यूनंतर त्याची एक अजस्र गाडी विक्रीला होती. तिच्यात विमानाचं २७ लिटरचं लिबर्टी इंजिन होतं. थॉमसनं ती १२५ पौंडांत घेतली, सुधारली, नाव ठेवलं 'बॅब्स'. एप्रिल १९२६ मध्ये वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर त्यानं तिला ताशी १७१ मैल, म्हणजे २७५ किलोमीटरवर पळवलं. विक्रम झाला. माल्कम कॅम्पबेलनं तो मोडला. ३ मार्च १९२७ रोजी तो परत मिळवायला थॉमस त्याच वाळूत उतरला आणि गाडी उलटून जागीच गेला. लोकांनी बॅब्सला तिथेच वाळूत पुरलं. १९६९ मध्ये तिला उकरून काढलं आणि पुन्हा चालती केली.

थॉमसच्या मागे ब्रुकलँड्सवर त्याचं वर्कशॉप उरलं. ते सहकाऱ्यांनी 'थॉमसन अँड टेलर' या नावानं चालवलं. आणि त्या वर्कशॉपात होता लेलँड एटच्या सुट्या भागांचा साठा: न वापरलेले क्रँकशाफ्ट, ब्लॉक, ॲक्सल. १९२० च्या दशकाच्या शेवटी, कंपनीनं मॉडेल बंद करून काही वर्षं झालेली असताना, या लोकांनी तो माल बाहेर काढला आणि एक संपूर्ण गाडी जोडली.

गेडनच्या संग्रहालयात आहे ती हीच. कारखान्यातून थाटात निघालेल्या, महागड्या बॉडी चढलेल्या सगळ्या लेलँड एट काळानं गिळल्या. उरली ती स्पेअर पार्टची. मामांच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: गाडीला गिऱ्हाईक भेटलं नाही, पण पार्ट भेटले.

आणि पार्टसोबत हातही उरले. थॉमसचा तो विशीतला मदतनीस रीड रेल्टन पुढे याच वर्कशॉपचा मुख्य डिझायनर झाला. त्यानं आखलेल्या गाडीतून जॉन कॉबनं १९४७ मध्ये ताशी ३९४ मैलांचा विक्रम केला. लेलँडच्या ताळेबंदात एट हा निव्वळ तोटा होता. पण रेल्टन जे शिकला ते कोणत्या रकान्यात मांडणार?

उलटा प्रवास

आपल्याकडच्या लेलँडची गोष्ट बरोबर उलटी आहे. १९४८ मध्ये रघुनंदन सरन यांनी मद्रासजवळ एन्नोरला 'अशोक मोटर्स' काढली, मुलाच्या नावावरून. काय बनवायला? ऑस्टिन कार. पण नव्या देशाला कारपेक्षा ट्रक आणि बस जास्त हव्या होत्या. लेलँडशी करार झाला, १९५५ मध्ये कंपनी 'अशोक लेलँड' झाली आणि कार मागे पडली. तिथे ट्रकवाल्याला कारचा मोह पडला. इथे कारवाला ट्रककडे वळला आणि टिकला. मुंबईच्या बेस्टच्या लाल दुमजली बस यांच्याच. भंडाऱ्याचा कारखाना यांचाच.

इंग्लंडमधल्या लेलँडला मात्र कारचा मोह पुन्हा पडला, आणि या वेळी अवाढव्य प्रमाणात. १९६१ मध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फ, १९६७ मध्ये लँड रोव्हर बनवणारी रोव्हर, आणि १९६८ मध्ये ऑस्टिन, मॉरिस, जग्वार या सगळ्यांना एकत्र करून 'ब्रिटिश लेलँड'. ज्या मॉरिसच्या एका मॉडेलवरून आपली ॲम्बेसिडर आली, तीही याच गोतावळ्यात. सात वर्षांत हा डोलारा इतका झुकला की १९७५ मध्ये सरकारला तो ताब्यात घ्यावा लागला. पुढे तुकडे झाले. जग्वार आणि लँड रोव्हर हात बदलत शेवटी फोर्डकडे गेल्या.

आणि २००८ मध्ये फोर्डकडून त्या कुणी घेतल्या? ढाब्यावरच्या दुसऱ्या पार्टीनं. टाटांनी.

टाटा मोटर्स म्हणजे आधीची टेल्को. १९४५ मध्ये रेल्वे इंजिनांसाठी स्थापन झालेली, १९५४ पासून जर्मनांच्या मदतीनं ट्रक बनवणारी. हीसुद्धा कारकडे वळलेली ट्रक कंपनीच. १९९८ च्या डिसेंबरात पुण्यात घडवलेली इंडिका आली, तेव्हा लोक हसले होते: ट्रकवाले कार बनवतायत! सुरुवातीच्या इंडिकात खडखडाट होता, तक्रारींचा पाऊस पडला. पण पुढची पायरी ट्रकवाल्याची होती. देशभर शिबिरं भरवून सुटे भाग फुकट बदलून दिले, तक्रारींवरून गाडी सुधारली आणि २००१ मध्ये 'व्ही टू' आणली. ती टॅक्सीवाल्यांनी लाखो किलोमीटर पळवली. १९२० मध्ये थॉमसकडे जे नव्हतं, ते इंडिकाकडे होतं: रोज जाब विचारणारं गिऱ्हाईक.

गेडनचं ते संग्रहालय एका जुन्या लष्करी विमानतळाच्या आवारात आहे. त्याच आवारात जग्वार लँड रोव्हरचं मोठं संशोधन केंद्र आहे, म्हणजे मालकी टाटांची. लेलँडची एकुलती एक कार आज टाटांच्या शेजारी नांदते.

आता मिहान. इथे टाटा मोटर्सच्या त्या वेळच्या 'टाल' या उपकंपनीनं बोइंग ७८७ विमानाचे फ्लोअर बीम बनवायला घेतले. पुढे तो विभाग टाटांच्याच विमान-संरक्षणवाल्या कंपनीकडे गेला. फ्लोअर बीम म्हणजे विमानात प्रवाशांच्या पायाखालची जमीन तोलून धरणाऱ्या आडव्या तुळया, ॲल्युमिनियमऐवजी हलक्या कंपोझिटच्या. ट्रकवाल्या घराण्यातून आलेलं हे काम. विमानात बसलेल्याला त्या कधी दिसत नाहीत. त्यांच्यावर नागपूरचं नावही दिसत नाही. मात्र प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, माल कुठला, कुणी तपासला याची नोंद विमान उडतं आहे तोवर ठेवावी लागते.

मिहाननं जेवढं कबूल केलं होतं तेवढं दिलं नाही, हे खरंच आहे. जमिनी गेलेल्या गावांचे प्रश्न, नोकऱ्यांचे आकडे, हे हिशेब मागायलाच हवेत. पण 'नुसते पार्ट' या टोमण्याशी माझं भांडण आहे. अख्खी वस्तू बनवणारा मोठा आणि भाग बनवणारा लहान, हा क्रम लेलँडच्या गोष्टीत टिकत नाही. तिथे अख्ख्या गाड्या नाहीशा झाल्या, आणि कुणीतरी नीट बनवून, नीट जपून ठेवलेल्या भागांतून एक परत उभी राहिली. डिप्लोमा करून मिहानच्या किंवा बुटीबोरीच्या शेडमध्ये रोज एकच भाग मायक्रोमीटरनं मोजणाऱ्या माझ्या मित्रांना मी ही गोष्ट म्हणूनच सांगतो. तुमच्या हातून पास झालेला तुकडा कुठल्या यंत्रात बसेल आणि किती वर्षांनी कुणाच्या कामी येईल, याचा अंदाज ब्रुकलँड्सच्या त्या वर्कशॉपातल्या लोकांनाही आला नसता.